गावात प्रथमोपचार गट उभा करताना : सातारा जिल्ह्यातील नव्या संयोजकांसाठी

सातारा जिल्ह्यात 108 ला फोन लागला आणि रुग्णवाहिका तातडीने निघाली, तरी ती दारात येईपर्यंतचा वेळ गावालाच निभावून न्यावा लागतो. महामार्गालगतच्या गावात हा वेळ थोडा असेल. पण पाटण खोऱ्यातल्या एखाद्या डोंगरवाडीत, किंवा लाँचशिवाय जाणे-येणे होत नाही अशा शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या वस्तीत तो फार लांबतो. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर कोणी दाब दिला नाही, तर त्याच्या जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते. मोठी रक्तवाहिनी तुटली, तर काही मिनिटांतच सारे संपू शकते. अशा प्रसंगी पहिला हात डॉक्टरांचा असू शकत नाही. तो शेजाऱ्याचा, वाटसरूचा किंवा घरच्याच माणसाचा असतो. हा हात तयार असावा, असे ज्या शिक्षकांना, आशाताईंना, ग्रामपंचायत सदस्यांना आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांना मनापासून वाटते, पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

गट उभा करताना एक सूत्र शेवटपर्यंत सोडू नये : थोडे शिकवावे, पण हात बसेपर्यंत शिकवावे. दिवसभर भाषणे ऐकून आणि पडद्यावरची चित्रे पाहून घरी गेलेला माणूस प्रत्यक्ष प्रसंगात गोंधळतो, असे वारंवार दिसते. याउलट, ज्याने चारच गोष्टी पुन्हा पुन्हा हातांनी केल्या आहेत, त्याचे हात भीतीच्या क्षणीही कामाला लागतात.

गावाला काय होते, ते आधी पाहावे

शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी एक संध्याकाळ आशाताई, उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि पोलीस पाटील यांच्याबरोबर बसावे आणि गेल्या काही वर्षांत गावात अचानक दगावलेली किंवा गंभीर जखमी झालेली माणसे कशामुळे त्या वेळेला पोहोचली, याची वहीत नोंद करावी. ही नोंद गावोगाव वेगळी निघते. खंबाटकी किंवा पसरणी घाटाच्या पायथ्याच्या गावांत रस्ते अपघात अधिक असतील. कराड आणि कोरेगावच्या ऊसपट्ट्यात कडबाकुट्टीत गेलेला हात, उलटलेली उसाची ट्रॉली, गुऱ्हाळातल्या काहिलीच्या उकळत्या रसाने भाजलेले अंग आणि मोटारीच्या पेटीजवळ बसलेला विजेचा धक्का या गोष्टी पुढे येतील. पाटण आणि जावळीच्या भातखाचरांत सर्पदंश आणि विहिरी-जलाशयांच्या काठी बुडण्याच्या घटना दिसतील. ज्या गावात मोठी यात्रा भरते, तेथे गर्दीचा विचार वेगळा करावा लागतो. वाई तालुक्यात मांढरदेवीच्या काळूबाई यात्रेत 25 जानेवारी 2005 रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत शेकडो भाविकांचे प्राण गेले, हे या जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

या नोंदीतून पाच-सहा विषय निवडावेत आणि बाकीचे पुढच्या खेपेला ठेवावेत. बेशुद्ध माणसाला ओळखणे, छातीवर दाब देणे आणि रक्तस्राव थांबवणे हे तीन विषय मात्र कोणत्याही गावात वगळू नयेत.

कोणाला शिकवावे

गटात येण्यासाठी उत्साही तरुण सर्वांत आधी पुढे येतात आणि त्यांचे स्वागतच आहे. परंतु त्यांतील अनेकजण दिवसा शिरवळच्या कारखान्यात, कराडच्या महाविद्यालयात किंवा पुण्याला नोकरीवर असतात. दुपारी दोन वाजता गावात कोण असते, हा प्रश्न विचारून नावे काढली, तर यादी बदलते. अंगणवाडी सेविका, आशाताई, किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाले, वडाप जीपचे चालक, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, दूध संकलन केंद्रावर बसणारे, फाट्यावरच्या हॉटेलातील कामगार आणि घरी असणाऱ्या गृहिणी या माणसांपर्यंत घटना सर्वांत लवकर पोहोचते. हंगामात ऊसतोड टोळीच्या मुकादमालाही जरूर बोलवावे, कारण त्याच्या माणसांना गावातले रस्ते, दवाखाने आणि फोन नंबर काहीच माहीत नसतात. स्त्रिया निम्म्याहून कमी असू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसा गाव त्यांच्याच भरवशावर चालते, आणि जखमी स्त्रीच्या अंगाला हात लावायला पुरुष संकोचतात तेव्हा तो संकोच जिवावर बेतू शकतो.

शिकवणारा माणूस जाणता हवा. सातारा आणि कराड येथील वैद्यकीय महाविद्यालये, जिल्हा रुग्णालय, तालुक्याचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि भारतीय रेडक्रॉस सोसायटी यांच्याकडे ग्रामपंचायतीच्या पत्रावर विनंती करावी. भूलतज्ज्ञ डॉक्टर मिळाले, तर फारच उत्तम, कारण सामान्य माणसाला केवळ छातीवर दाब देण्याची पद्धत शिकवावी यासाठी भारतातील भूलतज्ज्ञांनीच पुढाकार घेतला आहे आणि इंडियन रिससिटेशन कौन्सिलने 2017 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत. दहा-बारा शिकणाऱ्यांमागे एक प्रशिक्षक आणि चार-पाच जणांमागे सरावाचा एक पुतळा असावा. सभामंडप भरून दोनशे माणसे बसवली, तर छायाचित्र चांगले येते, पण एकाचाही हात बसत नाही.

पहिला धडा फोनचा

प्रत्यक्ष उपचाराआधी दोन गोष्टींचा सराव घ्यावा. पहिली म्हणजे जागा सुरक्षित आहे का हे पाहणे : विजेचा धक्का बसला असेल, तर मुख्य स्विच बंद झाल्याशिवाय त्या माणसाला हात लावू नये, आणि तुटून पडलेल्या उच्चदाबाच्या तारेच्या जवळपासही जाऊ नये, विहिरीत किंवा गोबरगॅसच्या टाकीत माणूस बेशुद्ध पडला असेल, तर मागोमाग कोणीही उतरू नये, कारण आतल्या विषारी वायूने वाचवायला गेलेल्यांचेही बळी जातात, बुडणाऱ्याच्या अंगावर उडी न टाकता काठावरून दोर, बांबू किंवा रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा.

दुसरी गोष्ट म्हणजे फोन. प्रत्येकाने दोघा-दोघांच्या जोडीने 108 च्या फोनचे नाटक मोठ्याने करून पाहावे. गाव, तालुका, ठळक खूण, काय झाले, किती माणसे, शुद्धीवर आहेत का आणि श्वास चालू आहे का, एवढे अर्ध्या मिनिटात सांगता आले पाहिजे. जिल्ह्यात एकाच नावाच्या वाड्या अनेक असल्यामुळे तालुका सांगायला विसरले, तर गाडी भलतीकडे जाण्याचा धोका असतो. फोन स्पीकरवर ठेवून पलीकडच्या डॉक्टरांचे ऐकत काम करावे. एका माणसाला फाट्यावर पाठवावे, रात्र असेल तर हातात बॅटरी देऊन, म्हणजे चालक वळणावर चुकत नाही. ज्या वाडीत मोबाइलला रेंज नसते, तेथे ती नेमकी कोणत्या टेकाडावर किंवा कोणाच्या अंगणात मिळते, ही माहितीही गटाच्या वहीत लिहिलेली असावी. 112 हा क्रमांकही सर्वांना पाठ असावा.

छातीवर दाब

या धड्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पडलेल्या माणसाचे खांदे हलवून त्याला मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल, तर दहा सेकंदांच्या आत छातीची हालचाल पाहावी. येथेच बहुतेक माणसे फसतात. हृदय बंद पडल्यावरही काही जण थांबून थांबून आचके देतात, घशातून घरघर येते, आणि भोवतालचे लोक ‘श्वास चालू आहे, थांबा’ असे म्हणतात. आचके म्हणजे श्वास नव्हे, हे प्रशिक्षकाने स्वतः तसा आवाज काढून दाखवावे. एकदा ऐकलेला तो आवाज माणूस विसरत नाही.

त्यानंतर रुग्णाला खाटेवरून किंवा गादीवरून खाली कठीण जमिनीवर उताणे निजवावे. एका तळहाताची टाच छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावी, दुसरा हात त्यावर ठेवून बोटे गुंफावीत, कोपरे ताठ ठेवावीत आणि आपले खांदे हातांच्या बरोबर वर आणून अंगाच्या भाराने दाबावे. प्रौढ माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर आली पाहिजे. वेग मिनिटाला 100 ते 120 असावा, म्हणजे तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत व्हावेत. नवखी माणसे एकतर घाबरून हलके दाबतात किंवा घाईने इतके भरभर दाबतात की छातीला वर यायला वेळच मिळत नाही. म्हणून जोडीदाराने घड्याळ हातात धरून मोठ्याने आकडे मोजावेत. दोन मिनिटे नीट दाब दिल्यावर धडधाकट शेतकरीसुद्धा घामाघूम होतो, दाब उथळ पडू लागतात आणि दमल्याचे त्याला स्वतःला कळत नाही. त्यामुळे दर दोन मिनिटांनी माणूस बदलणे हा सरावाचाच भाग मानावा आणि बदलताना खंड पडू नये, हेही घोटून घ्यावे. दाब देताना बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो. तरीही थांबू नये, कारण मोडलेली बरगडी जुळते. रुग्णवाहिकेतील डॉक्टर ताबा घेईपर्यंत किंवा तो माणूस हालचाल करीपर्यंत काम चालू ठेवावे.

तोंडाने श्वास देण्याचा आग्रह पहिल्याच शिबिरात सर्वांना धरू नये. अनोळखी प्रौढ माणूस अचानक कोसळला, तर केवळ दाबही मोलाचे ठरतात. मात्र लहान मुले आणि बुडालेली माणसे यांच्यात प्राणवायूच्या अभावामुळेच हृदय थांबलेले असते, म्हणून जलाशयाकाठच्या गावांतील गटांनी तीस दाबांनंतर दोन श्वास देणेही शिकून घ्यावे.

पुतळा विकत घेणे परवडत नसेल, तर तो महाविद्यालयाकडून दिवसभरासाठी मागून आणता येतो, आणि अधल्यामधल्या उजळणीसाठी घट्ट वळकटी बांधलेली गादीही चालते. जिवंत माणसाच्या छातीवर सराव कधीही करू नये.

वाहते रक्त

कडबाकुट्टीच्या, कोयत्याच्या आणि अपघाताच्या जखमांवर उपाय एकच आहे, तो म्हणजे थेट दाब. हातमोजा नसेल, तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी, स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवावी आणि तळहाताने जोर लावून दहा मिनिटे, घड्याळाकडे पाहून, दाबून धरावी. रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी मधेच कापड उचलण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि त्यामुळे धरू लागलेली गुठळी निघून जाते. कापड भिजले, तर त्यावर दुसरे ठेवावे. हळद, तंबाखू, माती, कॉफीची पूड यांपैकी काहीही जखमेत भरू नये. ते सारे नंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोणाला तरी वेचून काढावे लागते.

सरावासाठी एक साधी युक्ती करता येते. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात लाल रंगाचे पाणी भरावे, बाटली एकाच्या बाहीत लपवून दाबायला सांगावी आणि शिकणाऱ्याला ती धार आवरायला लावावी. लाल रंग पाहून पहिल्यांदा मागे सरकणारा माणूस दुसऱ्या फेरीत पुढे येतो.

हात किंवा पाय चिरडला आहे आणि जोराने दाबूनही रक्त उसळतच आहे, तरच आवळपट्टीचा विचार करावा. ती चार-पाच सेंटिमीटर रुंद कापडाची असावी, तार किंवा सुतळी कधीही वापरू नये. जखमेच्या थोडे वर, सांधा सोडून, ती बांधावी, काडी अडकवून पिळावी, बांधल्याची वेळ रुग्णाच्या कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहावी आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करू नये. बोट तुटून पडले असेल, तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबरच पाठवावी. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नये.

सर्पदंश

येथे शिकवण्यापेक्षा जुन्या सवयी सोडवण्याचे काम मोठे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर सरकारी रुग्णालयांत मिळणारी प्रतिसर्पविष लस उपयोगी पडते, आणि त्या लसीवाचून दुसरा उतारा नाही. दंशाच्या जागी काप घेणे, विष चोखणे आणि दोरीने घट्ट आवळणे यांतून अपायच होतो. आवळल्यामुळे पाय गमावलेली माणसे आपल्याच तालुक्यांत आढळतात. दंश झालेल्याला धीर द्यावा, चालू किंवा पळू देऊ नये, अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावीत, कारण सूज चढल्यावर ती रुततात, आणि मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा दंशाचा हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर करावा. चारचाकी मिळेना, तर दुचाकीवर चालक आणि मागचा माणूस यांच्या मधे बसवून न्यावे. निघतानाच रुग्णालयाला फोन करून लस आहे का, हे विचारावे, म्हणजे चुकीच्या दारात वेळ जात नाही. साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते.

मण्यारीबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, खूण दिसतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते, आणि घरचे अपचन समजून काढा देत बसतात. जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पापण्या उघडू शकत नसेल, तर सर्पदंश समजूनच निघावे. श्वास थांबू लागला, तर वाटेतही तोंडाने श्वास देत राहावे. देवऋषी किंवा मांत्रिकाशी वाद घालण्यात वेळ न घालवता त्यांनाच शिबिराला बोलवावे आणि ‘तुमच्याकडे आलेल्याला आधी गाडीत बसवा’ एवढी एकच विनंती करावी. असे लोक सोबतीला आले, तर निम्मे काम होते.

बाकीचे विषय

भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते गार पाणी धरावे. टूथपेस्ट, शाई, तूप लावू नये. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा घालू नये, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये. डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि झटके थांबल्यावर कुशीवर वळवावे. बेशुद्ध असलेला पण श्वास घेणारा कोणताही माणूस कुशीवरच ठेवावा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही, आणि त्याला पाणी पाजू नये. घशात घास अडकून माणूस बोलू शकत नसेल, तर खांद्यांच्या मधोमध पाठीवर पाच जोरदार थापा आणि नंतर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, हे आलटून-पालटून करावे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले, तर लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून घ्यावी, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अपघातग्रस्ताला पेट घेणाऱ्या गाडीसारखा धोका नसेल तर ओढून काढू नये. मान हलू न देता धरून ठेवावी. घाटातल्या दरीत उतरणे हे दोर, साधने आणि अनुभव असलेल्या ट्रेकर मंडळींचे काम आहे. गटाने त्यांचे नंबर जवळ ठेवावेत आणि वरच्या रस्त्यावर वाहतूक आवरावी.

कायद्याची भीती

‘मदत केली तर पोलीस आपल्यालाच धरतील’, ही भीती शिबिरात हमखास निघते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये रस्ते अपघातातील मदतगारांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-ए आले, आणि 2020 मध्ये त्याचे नियमही झाले. रस्ते अपघातातील जखमीला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. शक्य झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांनाच हे सांगण्यासाठी बोलवावे. खाकी वर्दीतल्या माणसाने सांगितले की लोकांना पटते.

शिबिरानंतर

शिकलेले हात तीन ते सहा महिन्यांत विसरू लागतात. म्हणून दर तीन महिन्यांनी, ग्रामसभेच्या दिवशी किंवा बाजाराच्या दिवशी, तासाभराची उजळणी ठेवावी. तीत नवा विषय घेऊ नये, दाब, रक्तस्राव आणि फोन एवढेच पुन्हा करावे. हातमोजे, जाड पट्ट्या, रुंद कापड, कात्री, बॅटरी, पेन आणि फळी असलेली एक पेटी कुलपाशिवाय अशा ठिकाणी ठेवावी की ती रात्रीही मिळेल. कुलूपबंद ग्रामपंचायतीत ठेवलेली पेटी रात्री कोणाच्याही उपयोगाला येत नाही. यात्रेच्या आधी तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस यांच्याबरोबर बसून गटातील कोण कोठे उभे राहील आणि रुग्णवाहिका कोणत्या वाटेने येईल, हे कागदावर ठरवावे.

प्रत्यक्ष घटना घडून गेल्यावर आठवड्याभरात गटाने एकत्र बसावे आणि फोन किती वेळाने लागला, गाडी कोठे अडली, कोणती वस्तू कमी पडली, हे वहीत लिहावे. दोष देण्यासाठी ही बैठक नसते. सर्व काही बरोबर करूनही माणूस वाचत नाही, असे होईल, कदाचित पहिल्याच प्रसंगी होईल. ज्याच्या हातांखाली तो माणूस गेला, तो पुढचे कित्येक दिवस झोपू शकत नाही, जेवताना थांबतो, उजळणीला यायचे टाळतो. त्याच्या घरी गटातल्या दोघांनी जाऊन यावे, डॉक्टरांना त्याच्याशी बोलायला सांगावे आणि त्याने केलेले काम योग्यच होते, हे डॉक्टरांच्याच तोंडून त्याला ऐकू द्यावे. पुढच्या उजळणीची तारीख सांगायला मात्र फोन न करता समक्षच जावे.